वाढीला जागा

जीवराम आबांना केळीच्या घडाकडे नुसतं पाहून त्याचं वजन सांगता यायचं. पहूरच्या शिवारात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना आबा स्वतः सांगत. व्यापाऱ्याने काटा लावायच्या आधी आबांनी आकडा सांगावा आणि काट्याने मुकाट्याने तोच दाखवावा, असं चाळीस वर्षं चाललं होतं. त्यामुळे मापावर, नजरेवर आणि एकूणच स्वतःवर त्यांचा जरा जास्तच विश्वास बसला होता. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तोच विश्वास त्यांच्या अंगाशी आला, आणि तोही नेमका कुठे, तर बेंबीच्या उजवीकडे चार बोटांवर.

झालं असं, की दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आबांना ताप आला आणि त्यांनी तो अंगावर काढला. टायफॉइडने लहान आतड्याला भोक पाडलं, आणि एका दुपारी त्यांना बाजेवरून उचलून थेट जळगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पोट उघडून जीव वाचवला, पण आतड्याचं एक तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. पोटातलं सगळं त्या पिशवीत येणार. दिवसातून पाच-सहा वेळा ती रिकामी करायची. आतलं सगळं भरून आलं की काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडायचं आणि पिशवीला निरोप द्यायचा.

केळीच्या खोडातून घड बाहेर पडतो त्याला निसवणं म्हणतात. आबांनी पोटावरचं ते लाल, ओलसर बोंड पहिल्यांदा पाहिलं, पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग समोरच्या नर्सबाईंना म्हणाले, "बाई, माह्यं त पोट निसवलं!"

नर्सबाई खळखळून हसली. तिचं नाव नूतन. धुळ्याकडची, तिशीतली. जखमा, कातडी आणि असल्या पिशव्या यांचंच वेगळं शिक्षण तिने घेतलं होतं. "हसता येतंय ना आबा, मग बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक आहे असं ती आपल्या अहिराणीत म्हणाली, आणि कामाला लागली. पिशवीला एक चिकट चकती असते, तिला बोंडाच्या मापाचं गोल भोक कापायचं. बोंडाभोवतीची कातडी उघडी राहता कामा नये, कारण आतड्यातून येणारं पाणी कातडीला खातं. तिने पुठ्ठ्यावर माप कापून दिलं. "आता पुढच्या आठवड्यांत या मापाचं काय करायचं ते नीट ऐका..."

आबांनी हात वर केला. "मापाचं मले नका सांगू, बाई. माप म्हनजे माह्यं काम."

नूतनला तीन खाटांपलीकडून हाक आली. ती "सांगते नंतर" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी आबांना घरी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी सगळा देश बंद झाला. नंतर सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

घरी आल्यावर आबांनी या पिशवीचा कारभार स्वतःकडे घेतला. मागच्या खोलीत जायचं, दार लावायचं, कात्री घ्यायची आणि अर्ध्या तासाने घामाघूम होऊन बाहेर यायचं. मदतीला होतंच कोण? मुलगा हितेंद्र सुरतला साड्यांच्या कारखान्यात होता. वडिलांना घरी आणून सोडलं, दोन दिवसांत कामाचं पाहून येतो म्हणून गेला, आणि तिकडेच अडकला. बायको इंदिराबाई यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांचं ऑपरेशन एप्रिलात ठरलं होतं, तेही कोरोनाने पुढे ढकललं. भाकरी त्या हाताने थापायच्या आणि माणूस आवाजावरून ओळखायच्या.

उरली सून, डिंपल. हात स्थिर, नजर तल्लख, घरात शिलाई मशीन. अर्ध्या गावाचे ब्लाऊज तीच शिवायची, आणि आता ग्रामपंचायतीने मास्कचं काम दिल्यापासून गावातल्या प्रत्येक नाकाचं माप तिला तोंडपाठ झालं होतं. पण ती सून होती, आणि आबा सासरे होते.

हे जरा समजावून सांगायला हवं. सरकारने माणसांना अंतर ठेवायला सांगितलं त्याच्या बारा वर्षं आधीपासून या घरात अंतर पाळलं जात होतं. डिंपलच्या डोक्यावरचा पदर नाकापर्यंत असायचा. आबा ओसरीवर आले की ती आत, आबा आत आले की ती मागच्या दाराने परसात. गावातल्या बाकीच्या सुना कधीच्या गाऊन घालून सासऱ्यांसमोर टीव्ही पाहायला लागल्या होत्या. पण या घरात कोणी तसा नियमही केला नव्हता आणि कोणी तो मोडलाही नव्हता, म्हणून चालला होता. बोलायचं ते इंदिराबाईंमार्फत. "आई, आबांना सांगा, चहा झाला." इंदिराबाई शेजारणीकडे गेलेल्या असल्या तरी डिंपल असंच म्हणायची, आणि आबाही रिकाम्या खुर्चीकडे पाहून उत्तर द्यायचे, "इंदिरे, साखर कमी टाकाले सांग." इंदिराबाईंना घरी आल्यावर कळायचं की आपण बरंच काही बोललो.

एप्रिल बरा गेला. मे लागला आणि पिशवी गळायला लागली. आधी तीन दिवस टिकणारी पिशवी दोन दिवसांवर आली, मग एका दिवसावर, मग सकाळी लावलेली दुपारच्या जेवणाला दगा देऊ लागली. बोंडाभोवतीची कातडी लाल झाली, मग सोलवटली, मग तिथून रक्ताचे ठिपके येऊ लागले. आग अशी व्हायची की आबा खोलीत दात-ओठ खात बसायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "काही नही, गरमी हाये." गरमी होतीच. जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्यावर काहीही ढकललं तरी खपतं. पण ओसरीवर बसणं त्यांनी सोडलं. लोटन, त्यांचा जुना मित्र, रोज संध्याकाळी लांबून हाक मारायचा. त्याला वास आला तर, या भीतीने आबा आतूनच ओ द्यायचे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक संध्याकाळ ओसरीवाचून काढली नव्हती, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, आणि त्याला मनातून रडू यायचं.

नूतनचा फोन दर आठवड्याला यायचा. तिला आता कोरोनाच्या वॉर्डात टाकलं होतं. आठ तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात काढायचे, मग आंघोळ करून ओल्या केसांनीच ती जुन्या पेशंटांना व्हिडिओवर बोलावायची. आबांच्या घरात फोनला रेंज मिळायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. म्हणून खिडकीबाहेर आबा-इंदिराबाई उभे, आणि खिडकीच्या आत चुलीजवळ डिंपल, अशी ही तपासणी चालायची. डिंपल काही ऐकत नव्हती असं सगळ्यांनी धरून चालायचं.

"आबा, कातडीला काही लावता का?"

"काही नही."

इंदिराबाईंना दिसत नव्हतं तरी त्यांनी नजर चुकवली. नूतनने ती बरोबर पकडली. "अक्का?"

"खोबरेल," इंदिराबाई पुटपुटल्या. "चमडी कोरडी पडली व्हती बिचारी. सकायी सकायी जरासं लावाले देऊ राह्यली मी."

"अक्का, तेलावर चकती चिकटेल का? तव्याला तेल कशाला लावतो आपण?"

इंदिराबाईंना हे लागलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या खोबरेलाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. पण बाटली त्यांनी फळीवर ठेवून दिली. आबांना वाटलं, चला, चोर सापडला.

चोर तो नव्हताच. आणखी आठ दिवस गेले, तेल बंद झालं तरी गळणं तसंच, कातडी आणखी वाईट. नूतनने फोटो पाठवायला सांगितला. आबांनी दार लावून स्वतःच काढला. त्यात घराचं छत, आबांचा अंगठा आणि कॅलेंडरवरचा निम्मा जून महिना आला.

पुढच्या फोनला नूतन हसली नाही. तिच्या दोन्ही कानांमागे चिकटपट्टी लावलेली होती. आबांनी तेच धरलं. "बाई, तुमच्या कानाले काय झालं?"

"मास्कची दोरी काचते. दिवसभर घालून जखम झाली."

"जखमांची बाई, अन् तुम्हालेच जखम! माप चुकलं असंन."

"माझं राहू द्या. आबा, मला कातडी बघायला मिळत नाही, तुम्ही नीट दाखवत नाही. पिशवी अर्धा दिवस टिकत नाही, रक्त येतंय. हे असंच राहिलं तर जंतू शिरतील. मी पुढच्या सोमवारपर्यंत थांबते. सोमवारी सुधारणा दिसली नाही तर तुम्हाला इथे भरती व्हावं लागेल."

इथे म्हणजे कुठे ते सगळ्यांना माहीत होतं. त्या इमारतीचे दोन मजले कोरोनाने भरले होते. शेजारचे छगन नाना पायाच्या जखमेसाठी म्हणून गेले होते. तिथेच त्यांना खोकला लागला आणि अकराव्या दिवशी घरच्यांना फोन आला. कोणाला तोंडसुद्धा पाहता आलं नाही.

"मी येत नही," आबा म्हणाले.

"मग कोणीतरी डोळस माणसाने रोज बघितलं पाहिजे. घरात अजून कोणी नाही का?"

"सून हाये," इंदिराबाई म्हणाल्या. "पन ती याईच्यासमोर येत नही."

"का? भांडण आहे?"

"भांडन काबर असंन? सून हाये ना!"

नूतनला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे तोंड दिसू नये म्हणून? अक्का, आमच्या वॉर्डात दोन महिने कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. नुसते डोळे दिसतात. मी आजोबांना पाठीपासून टाचेपर्यंत पुसून काढते, जखमा धुते, आणि तेच आजोबा उद्या रस्त्यात भेटले तर मला ओळखायचे नाहीत."

आबांनी फोन बंद केला. रेंज गेली असं त्यांनी जाहीर केलं. आत चुलीवरचं वरण उतू गेलं, आणि बारा वर्षांत डिंपलच्या हातून ते पहिल्यांदाच गेलं होतं.

त्या दिवशी इंदिराबाई जेवल्या नाहीत. बाजेच्या कडेला बसून त्या उघड उघड रडल्या. "माह्या डोयांत फूल पडलं, मले दिसत नही, नही त मी केलं असतं. तुम्ही तठी गेले त परत येनार नही. मले आंधयीले सोडून जासाल." आबांनी "गप वं" म्हटलं खरं, पण त्या आवाजात नेहमीचा दम नव्हता. त्यांनाही तीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार वाजलं. आबा बाजेवर पडले होते, इंदिराबाई पायथ्याशी. दारात एक माणूस उभा होता. तोंडावर दुहेरी मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला फडका, हातात दवाखान्यातून आलेले हातमोजे, गळ्यात शिलाईची टेप. पदर नव्हता, तो कमरेला खोचलेला होता. आबांनी बारा वर्षांत सुनेचे डोळे पाहिले नव्हते, म्हणून पहिल्या क्षणी त्यांना वाटलं की नूतनबाईच जळगावहून आल्या.

"आई, आबांना सांगा," मास्कच्या आतून डिंपलचा आवाज आला, "तोंड झाकलेलं हाये. आता काही हरकत नही."

इंदिराबाईंनी सांगितलं. आबांनी ऐकलं होतं, तरी सांगितल्यावर पुन्हा ऐकलं. हरकत घ्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि हरकतच सापडेना. तोंड झाकलेलं होतं. नियम शाबूत होता. पण सुनेचं तोंड झाकलं गेलं तरी आबांचं पोट उघडं पडणार होतं, आणि त्याची लाज त्यांना तोंडापेक्षा मोठी वाटत होती. शेवटी त्यांनी उशाचा टॉवेल उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ओढून घेतला.

"सांग तिले, कर म्हना काय करायचं ते."

तर असा तो देखावा होता. सुनेचं तोंड मास्कमध्ये, सासऱ्याचं टॉवेलखाली, सासूला दिसत नाही. खिडकीच्या गजाला बांधलेल्या फोनवरून नूतन एकटीच सगळं पाहत होती. रेंज फक्त तिथेच, म्हणून सगळ्यांनी मिळून बाज स्वयंपाकघरात खिडकीपाशी ओढली होती.

"ओढायचं नाही," नूतन सांगत होती. "कोमट पाण्याचा बोळा लाव. एका हाताने कातडी खाली दाबत जा, चकती आपोआप सुटेल." डिंपलने शिवण उसवावी तशी ती चकती हळूहळू सोडवली. आबांना पहिल्यांदाच ओरबाडल्यासारखं झालं नाही.

डिंपलने पाहिलं. मधे लाल बोंड, चांगलं, तजेलदार. आणि त्याच्याभोवती बोटभर रुंदीचं सोललेलं कडं, कंपासने आखल्यासारखं गोल. त्याच्या बाहेरची कातडी ठणठणीत. तिने काढलेली चकती उचलली, उजेडात धरली आणि तिचं भोक त्या कड्यावर धरून पाहिलं. काठाला काठ जुळला.

"आई, आबांना विचारा, हे भोक कोनी कापलं?"

"म्या कापलं," टॉवेल म्हणाला. "दुसरं कोन कापीन?"

"इतकं मोठं काबर?"

टॉवेल जरा हलला. मग अडाण्याला समजवावं अशा सुरात म्हणाला, "वाढीले जागा नको का? घडावर पिशवी चढवाची त हात-दीड हात ढिली ठेवा लागते. आज पाहून कापली अन् उद्या घड भरला, मंग? बाईंनी पुठ्ठा दिला व्हता, त्याच्यात म्या आनखी थोडं वाढोलं."

मग मास्कच्या आतून एक आवाज आला. आधी आबांना वाटलं डिंपलला ठसका लागला. मग कळलं, ती हसत होती. ती हसते हे त्यांना माहीत नव्हतं. आणि हसता हसता तिच्या तोंडून सरळ निघून गेलं, मधे आई वगैरे काही न घालता, "आबा, ते वाढत नही! ते कमी होऊ राह्यलं!"

आबांनी टॉवेल खाली ओढला. "कमी?"

"सूज उतरते ना आबा," फोनमधून नूतन म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "पहिले दोन महिने ते लहान लहान होत जातं. दर आठवड्याला नवं माप घ्यायचं असतं. तेच सांगत होते मार्चमध्ये, तर तुम्ही म्हणालात..."

"माप म्हनजे माह्यं काम," आबांनी वाक्य पुरं केलं. त्यांचा चेहरा पडला.

डिंपलने टेप लावली. मार्चमध्ये पंचेचाळीस मिलीमीटर होतं, आता अठ्ठावीस भरलं. आणि आबांच्या चकतीचं भोक होतं पन्नासचं. मधल्या उघड्या कातडीवर दोन महिने ते पाणी वाहत होतं, आणि आबा दर वेळी मोठ्या प्रेमाने आणखी जागा ठेवत होते.

"चाळीस वर्सं," आबा छताकडे पाहत म्हणाले, "चाळीस वर्सं माही नजर चुकली नही. अन् स्वतःच्या पोटावर चुकली."

डिंपलला त्यांची दया आली. "असं होते आबा," ती कात्री चालवत म्हणाली. "बाया येतात ब्लाऊज टाकाले. म्हनतात, माप जुनंच हाये, जुन्यावरच शिव. मी शिवते, अन् मंग तेच ब्लाऊज उसवाले मलेच आनून देतात. अंग काही एका मापावर राहत नही. दर खेपेले टेप लावा लागते."

तिने तीस मिलीमीटरचं भोक कापलं, काठ बोटाने घासून गुळगुळीत केला, सोललेल्या कातडीवर नूतनने सांगितलेली पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली आणि चकती बसवली. वर हात ठेवून पाच मिनिटं ऊब दिली. आबा त्या हाताकडे पाहत राहिले. आपण लहान असताना ताप आला की आई असाच हात ठेवायची, हे त्यांना आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टॉवेल परत वर ओढला.

ही झाली मंगळवारची गोष्ट. पिशवी बुधवारी सकाळीही टिकून होती. गुरुवारी काढली तेव्हा कड्याचा ओलेपणा गेला होता. पिशवी बदलायची असो वा नुसती बघायची, रोजची ती वीस मिनिटं. सुरुवातीला "आई, आबांना सांगा" असायचं. पण इंदिराबाईंचा कधी डोळा लागायचा, कधी त्या मुद्दाम उठून जायच्या, आणि मग मधला माणूस गळून पडायचा. आबांना बरंच काही नव्याने कळलं. मळ्यातल्या तिसऱ्या रांगेला पाणी पोचत नाही हे डिंपलने वर्षापूर्वीच पाहिलं होतं, पण इंदिराबाईंमार्फत ते सांगताना वाटेत सांडलं होतं. आणि शुक्रवारी तर तिने बॉम्बच टाकला.

"मले केयी आवडत नही, आबा."

आबा उठून बसायला लागले. तिने त्यांना परत आडवं केलं. "बारा वर्सांत?"

"एकबी नही खाल्लं. वासानंच कसंतरी होते."

स्वतःच्या पोटाला घड आला तेव्हासुद्धा आबा इतके हादरले नव्हते. आपल्या घरात, आपल्या मळ्याच्या मधोमध एक माणूस बारा वर्षं केळी न खाता राहतो आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी खिडकीतून लोटनला हाक मारली आणि एक चांगलं टरबूज आणायला सांगितलं. लोटनने विचारलं, कोणासाठी? आबांनी सांगितलं, पेशंटसाठी.

सोमवारी नूतनचा फोन आला तेव्हा इंदिराबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. डिंपलने चकती सोडवली. शनिवारी लावलेली पिशवी अजून घट्ट होती. सोललेलं कडं गुलाबी, कोरडं, नव्या कातडीने भरून आलेलं. नूतनने फोन जवळ न्यायला सांगितला, मग आणखी जवळ. मग म्हणाली, "यायची गरज नाही."

"काय म्हने?" इंदिराबाईंनी विचारलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"आबा कुठे जात नाहीत, अक्का. घरीच राहतील."

इंदिराबाई रडल्या, आणि या वेळी आबांनी त्यांना गप केलं नाही. नूतनने मग विचारलं, "आबा, हे काम कोणी केलं?" तिला ठाऊक होतं, तिला फक्त आबांच्या तोंडून ऐकायचं होतं. आबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सुनेचं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. "आमच्या... घरच्या टेलरनं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "डिंपलनं."

त्याच आठवड्यात जळगावला दवाखान्यात एक पुडकं पोचलं. त्यात ब्लाऊजच्या कापडाच्या पंधरा पट्ट्या होत्या, प्रत्येकीला दोन्ही टोकांना एकेक बटण. मास्कची दोरी कानांऐवजी त्या बटणांना अडकवायची आणि पट्टी डोक्यामागे घ्यायची. सोबत आबांनी सांगून डिंपलने लिहिलेली चिठ्ठी होती: 'नूतनबाई, बटन पुढे-मागे करता येते. माप स्वतः घेजा, अंदाजानं घालू नका.'

आतडं जोडायचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. पिशवी गेली, पोटावर एक आडवी शिवण तेवढी उरली. ती डिंपलने पाहून "टाके बरे घातलेत" असं प्रमाणपत्र दिलं. हितेंद्रही सुरतहून येऊन गावातच काम पाहू लागला. सगळं पहिल्यासारखं झालं.

आणि इथेच घोटाळा झाला. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबा ओसरीवर बसले होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, आबांना सांगा, चहा झाला." आबांनी वळून पाहिलं. मास्क नव्हता. पदर नाकापर्यंत होता. पिशवीच नाही तर मास्क कशाला, आणि मास्क नाही तर पदर आलाच. डिंपलचं काही चुकलं नव्हतं. तरी आबांना ऑपरेशनच्या टाक्यांहून जास्त काहीतरी दुखलं. तिसऱ्या रांगेच्या पाण्याचं काय झालं ते कोणाला विचारायचं, हेही त्यांना सुचेना.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते उठले. खुंटीवर डिंपलने शिवलेला त्यांचा मास्क लटकत होता. तो काढून त्यांनी स्वतःच्या तोंडावर चढवला, दोरी नीट बसवली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसले. डिंपल गडबडून मागच्या दाराकडे निघाली.

"थांब," आबा म्हणाले. "हे पाह्य, आता म्या तोंड झाकलं. तुले झाकाची गरज नही."

इंदिराबाई भाजी निवडत होत्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आता झालं होतं, त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. त्या हसू लागल्या. "अहो, तुमचं तोंड झाकून काय उपयोग? सून दिसते ती डोयांनी! डोये त उघडे हायेत तुमचे!"

आबांनी यावर विचार केला. मग मान हलवली.

"डोयांचं काय घेऊन बसली. चाळीस वर्सं बढाई मारली, अन् पोटावरचं दोन बोटांचं माप दिसलं नही. बारा वर्सं घरात केयी न खानारं मानूस दिसलं नही. या डोयांले काहीच दिसत नही. डिंपल, काढ तो पदर."

डिंपलने पदर मागे सारला. त्या गडबडीत चहात साखर जरा जास्तच पडली. आबांनी कप घेतला आणि काही बोलले नाहीत, कारण मास्क न काढता चहा प्यायचा कसा, या अडचणीत ते होते.